दीड इंच माया

मी रिठद सोडलं त्या सकाळी स्टँडवर अकरा माणसं आली होती. जायचं होतं मंगरूळपीरला, म्हणजे वाशीमला एसटी बदलून साठेक किलोमीटर. पण निरोप असा चालला होता की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस दुबईला निघाला. शेजारच्या भीमरावनं दोनदा जयभीम घातला, दुसऱ्यांदा गळ्यात पडून. आई म्हणाली, "तिकडं पोटाले मोजून खाऊ नको." माझी बायको सुमन पिशवी एसटीत ठेवून खाली उतरली. तिनं घरातच सांगून टाकलं होतं, "तुमच्या हातचं कापड घालून एखादा मानूस रस्त्यानं चालला का फोन करा. मंग मी येते. तोवर मी माझं घर सोडत नाही."

रिठदला राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं पन्नाशीच्या तोंडावर बाहेर पडलेल्यांसाठी लिहितो आहे, म्हणून जे झालं ते तसंच सांगतो. मी बावीस वर्षं धान्याच्या बाजारात मापारी होतो. माझ्या काट्यावर सोयाबीनचा दाणा जास्त गेला नाही की कमी गेला नाही. मग गाडीसकट तोलणारा मोठा काटा आला आणि माझी गरज संपली. वय सत्तेचाळीस. मंगरूळपीरला शकीलभाईंच्या शिलाईच्या दुकानातले दोन्ही कारागीर पुण्याला निघून गेले होते. त्यांना हात हवा होता, मला काम.

"आजवर काय शिवलं, काका?" त्यांनी विचारलं.

"पोती."

शकीलभाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "सुई तं धरता येते ना? या उद्यापासून."

ते माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. ते मला काका म्हणत, मी त्यांना उस्ताद. पहिले काही दिवस दोघांनाही कसंतरी व्हायचं, नंतर सवय झाली. रिठदला शेतकरी माझी वाट बघत ताटकळायचे. इथे मी चहाला जाताना विचारून जाऊ लागलो. दोन महिन्यांत चारशे बारा बटणं लावली. तुरपाई बोटांत बसली. बोलण्यात 'शुक्रिया' आणि 'आहिस्ता' कधी शिरले ते कळलं नाही. भाड्याच्या खोलीत भात दोघांचा शिजायचा, कारण एकट्याचं माप मला आयुष्यात घ्यावं लागलं नव्हतं. दर रविवारी सुमनचा फोन यायचा आणि त्यात एकच प्रश्न असायचा. "कोनी घातलं का?"

तिसऱ्या महिन्यात उस्तादांनी मला पहिली पँट दिली. गिऱ्हाईक इंगोले सर, शाळेत मुख्याध्यापक, अंगानं भरलेले. माप मीच घेतलं, तीन वेळा, आणि वहीत लिहिलं. त्याच दिवशी उस्ताद कापड आणायला अकोल्याला गेले. मी मापाबरहुकूम कापलं, शिवलं. शिवणीच्या आत थोडं कापड उरलेलं दिसलं, तेही कातरून टाकलं. फुकट जास्तीचं कशाला?

सर आले, आत जाऊन पँट घालून आले आणि आरशासमोर उभे राहिले. कुठे एक सुरकुती नाही. म्हणाले, "काका, लग्नातही एवढी चांगली बसली नव्हती." आणि तीच घालून निघाले. मी फोन हातात घेतला. मग म्हटलं, चौकापर्यंत तरी जाऊ द्यावं.

दहा मिनिटांनी सर मोटरसायकल ढकलत परत आले.

"गाडी बंद पडली का, सर?"

"गाडी चालू आहे. मलेच बसता येत नाही."

पाय वर उचलला तेव्हा मागून जो आवाज आला, तो त्यांच्या म्हणण्यानुसार पानठेल्यापर्यंत गेला होता. एका हातानं त्यांनी वर्तमानपत्र मागे धरलं होतं.

संध्याकाळी उस्ताद आले. पँट उलटी करून बघत म्हणाले, "काका, माया कुठं हाय?"

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. माणूस जाड झाला की शिवण उसवून ती सोडायची. मी चिंध्यांची पिशवी त्यांच्यापुढे धरली. सगळी माया त्यात होती.

उस्ताद रागावले नाहीत, पण बराच वेळ हसलेही नाहीत. "सोयाबीन बसत नाही, काका. मानूस बसते, वाकते, शादीत दोन पोळ्या जास्त खाते. मापात हे सारं धरा लागते. मागच्या शिवणीत दीड इंच तरी ठेवत जा."

त्या रविवारी सुमननं विचारलं, "घातलं का कोनी?"

"घातलं."

"मंग?"

"काढलं."

ती इतकी हसली की आईनं मागून विचारलं, काय झालं. मी मात्र त्या दिवशी दोघांचा भात केला नाही. ही बाई आता येत नाही, असं मी मनाशी धरून चाललो.

पुढच्या आठवड्यात फाटलेल्या पँटीच्या बदल्यात उस्तादांनी दुकानातलं कापड काढलं आणि सरांना म्हणाले, "ही मी शिवून देतो." सर म्हणाले, "नको. काकालेच शिवू द्या. यायले माझं माप पाठ झालं."

मी कापलं. बसण्याचं धरलं, वाकण्याचं धरलं, लग्नातल्या पोळ्या धरल्या. मापापेक्षा जास्त सोडायची ही माझी पहिलीच वेळ. सर पँट घालून गाडीवर बसले, उतरले, पुन्हा बसले. मग दुकानात येऊन, कोणी न सांगता, फरशीवर मांडी घातली. उस्तादांनी वाकून मागची शिवण बघितली आणि पुढची पँट माझ्याकडे सरकवली.

मी फोन लावला. "सर बसले."

"कुठं?"

"गाडीवर. मंग खाली, मांडी घालून."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुमन म्हणाली, "खोलीवर कपडे वाळवाले जागा हाय का?"

ती आली त्याला आता दीड वर्ष झालं. रिठदच्या घरात आई आहे; इकडे यायचं म्हटलं की तिची गुडघेदुखी वाढते. महिन्यातून एकदा आम्ही जातो. परवा वाशीमला एक लग्न होतं. जेवण उरकून दोघंही स्टँडवर आलो. सुमन म्हणाली, "चला, घरी जाऊ." मी पिशवी उचलून रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या एसटीच्या फलाटाकडे निघालो. दहा पावलांनी मागे बघतो तर ती बरोबर उलट्या बाजूला, मंगरूळपीरच्या एसटीत जागा धरून बसलेली, आणि खिडकीतून मला विचारत होती, "तिकडं कुठं जाऊन राह्यले?"