प्रश्न क्रमांक दोनशे बारा

अणुताईचं काम म्हणजे चुकीची उत्तरं लिहिणं. चेष्टा नाही. प्रवेश परीक्षेच्या सराव-पुस्तकात प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात. बरोबर उत्तर काय, कुणीही लिहील; उरलेली तीन अशी हवीत की अर्धवट अभ्यास केलेलं पोर अलगद त्यांत सापडावं. रसायनशास्त्रात या कामी ताईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चणीने एवढीशी, म्हणून भावाने लहानपणी हे नाव पाडलं होतं. भाऊ गेला, नाव उरलं. त्या नावाने हाक मारणारं मात्र कुणी उरलं नाही.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी टेबल. प्रकाशकाच्या कचेरीतून कच्ची मुद्रितं यायची, तपासून परत जायची. पुस्तकावर तिचं नाव नसायचं. आठ-आठ दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही, मग आपला आवाज शाबूत आहे ना हे बघायला ती मोठ्याने समीकरणं म्हणायची.

अशात एका आवृत्तीच्या उत्तरसूचीत खरोखरच एक चूक राहिली आणि कचेरीमार्फत विद्यार्थ्यांची सात पत्रं आली. ‘आदरणीय लेखक’ अशी सुरुवात! ताई हरखून गेली. सातही जणांना तिने सविस्तर उत्तरं लिहिली, वर दोन-दोन जादा गणितं घालून दिली. पुढची आवृत्ती बिनचूक निघाली, तर चिटपाखरूही फिरकलं नाही. मग काय, दर आवृत्तीत ती एक चूक मुद्दाम पेरू लागली. एकच. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय, अशी स्वतःची समजूत घालून. पत्रं बिस्किटांच्या डब्यात साठत गेली.

यंदा पाळी दोनशे बाराव्या प्रश्नाची होती: पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक किती? पोटॅशियमचा अधिक एक, चार ऑक्सिजनचे मिळून उणे आठ, म्हणून मँगनीजचा अधिक सात. सूचीत तिने अधिक पाच दिलं.

पत्र आलं ते वहीच्या फाडलेल्या पानावर.

‘सर, मी तेहतीस वर्षांची आहे. दवाखान्यात फरशी पुसते. बारा वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसले. विचारायला कुणी नाही, तुमचं पुस्तकच सगळं. दोनशे बारावा प्रश्न नऊ वेळा सोडवला. दर वेळी सातच येतं. इतकं सोपं जमत नाही म्हणजे माझ्या डोक्यातच खोट आहे. शुक्रवारी फॉर्मची मुदत संपते, भरणार नाही. तक्रार नाही. मी कुठे चुकले तेवढं सांगा.’

ताईने कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी बुधवार होता. ‘छपाईची चूक’ असं तिने लिहून टाकलं, आणि लगेच कागद फाडला. असलं उत्तर वाचून ती बाई म्हणणार, सर माझं मन राखतायत. नऊ वेळा स्वतःलाच खोटं ठरवून बसलेल्या माणसाला अर्धं खरं पटणार नव्हतं.

‘तुम्ही नऊही वेळा बरोबर होता. पाच मी जाणूनबुजून छापलं. मला कुणाची पत्रं येत नाहीत, म्हणून.’

एवढं लिहायला तिची अख्खी दुपार गेली. टपालाचा भरवसा नको, म्हणून दोन बस बदलून ती स्वतः पत्रावरच्या पत्त्यावर पोचली. दाराला कुलूप. लिफाफा तिने दाराखालून आत सरकवला, थोडा वेळ जिन्यात बसली आणि परत आली.

दहा दिवसांनी एक कार्ड आलं. मायना नव्हता.

‘फॉर्म भरला. मला पुन्हा लिहू नका.’

पहिली ओळ वाचून ताईला अगदी मनापासून बरं वाटलं. मग रडू आलं. कार्ड तिने डब्यात सगळ्यांत वर ठेवलं, आणि पुढच्या आवृत्तीची उत्तरसूची तीनदा तपासली. पुस्तक निर्दोष निघालं. त्या वर्षी पोस्टमन एकदाच वर आला, तोही शेजारचे कुठे राहायला गेले ते विचारायला. ताईने त्याला पाणी देऊ केलं. तो घाईत होता.