पाठीवरची पट्टी

कुवेतमध्ये, सालमियातल्या त्या इमारतीत योगिनीचं पाळणाघर सगळ्यांना ठाऊक होतं. पाटी-बिटी काही नव्हती. लिफ्टमध्ये भोकाड पसरलेलं मूल दिसलं की ते योगिनी आंटीकडे चाललंय, हे खालचा हारिस, म्हणजे तिथला वॉचमन, न विचारता सांगायचा.

योगिनी मूळची चिपळूणची. नवरा नंदकुमार मिरकाबमध्ये एका कंपनीत अकाउंटंट. लेक सुखदा शिकायला कॅनडाला गेली आणि फोनवर घाईघाईत बोलायला शिकली. घर खायला उठायला लागलं, तेव्हा योगिनीने लोकांची मुलं सांभाळायला घेतली. ओळखीपाळखीचे म्हणत, हौस आहे बाईंना. हौस कसली डोंबलाची! दिवसभर घरात कुणीतरी हवं होतं, एवढंच.

पण उन्हाळा आला की पाळणाघर ओस पडायचं. सगळी कुटुंबं गावाला जायची. पूर्वी तीही जायची. आई गेल्यावर मात्र जायचं कुणाकडे हा प्रश्नच होता. भाऊ आग्रहाने बोलवायचा, पण वहिनी ‘कधी येताय’च्या आधी ‘परत कधी’ ते विचारायची. यंदा जुलैत हारिन तेवढी उरली.

हारिन ही दोन वर्षांची कोरियन मुलगी. वडील लांब वाळवंटातल्या साइटवर, आई शुवैखच्या एका गोदामाच्या ऑफिसात. आईला सगळे मिसेस पार्क म्हणत. गेल्या हिवाळ्यात पाळणाघरात कुणी शिंकलं की हारिन तापलीच. एकाचा खोकला बरा होईस्तोवर ही दुसऱ्याचा घेऊन घरी जायची. म्हणून तिच्या आजीने सोलहून उपाय पाठवला होता. त्यांच्याकडे म्हणे वर्षातले सगळ्यात तापलेले तीन दिवस कॅलेंडरात ठरलेले असतात. त्या दिवशी मुलांच्या पाठीवर औषधी लेपाच्या गोल पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे थंडीत सर्दी-खोकला जवळ फिरकत नाही. कुवेतमध्ये बसून तापलेले दिवस तीनच मोजायचे, याचं योगिनीला हसू आलं. पण आजीचा जीव कळत होता.

पहिल्या दिवशी आईने सुटी काढून पट्टी लावली. दुसऱ्या वेळी सुटी मिळाली नाही. तिने सकाळी योगिनीसमोरच हारिनचा फ्रॉक वर केला, दोन खांद्यांच्या मध्ये पट्टी दाबून बसवली. दोघींचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं.

“एक तास. मग काढायची. जास्त नाही. कातडी भाजते,” मिसेस पार्क म्हणाली.

“काही काळजी करू नका,” योगिनी म्हणाली. पट्टीला आल्याचा, मोहरीचा वास होता. तिला ते औषध मुळीच परकं वाटलं नाही.

आई गेल्यावर हारिन किरकिर करायला लागली. योगिनीने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं. पोरीने मान टाकली आणि ती गाढ झोपली. तास भरला, समोरच्या घड्याळात योगिनीने तो भरताना पाहिला. पट्टी काढायची तर हिला उठवावं लागणार. अजून जरा वेळ, तिने स्वतःला सांगितलं. असा सगळा भार टाकून कुणी तिच्या अंगावर झोपल्याला वर्षं लोटली होती. ती हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिली, आणि खरं सांगायचं तर सुखात होती.

पोर आपणहून उठली ती किंचाळतच. योगिनीने घाईने पट्टी काढली. खाली लालभडक झालं होतं, मधोमध टपोरा फोड. तिने गार पाण्याचा ओला रुमाल धरला, आईला फोन लावला.

मिसेस पार्क धावत आली. फोड पाहून तिचा चेहरा पडला. योगिनी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “ही माझी आई! एवढं कडक पाठवलं तिने. मी सांगितलं होतं, लहान आहे.” तिने पर्समधलं उरलेल्या पट्ट्यांचं पाकीट काढून केराच्या डब्यात टाकलं आणि फोनवर सोलचा नंबर शोधू लागली.

योगिनी गप्प राहिली असती तर हारिन उद्या आली असती. परवाही आली असती. पण तिकडे एक म्हातारी, नातीसाठी जीव टाकणारी, फुकटची बोलणी खाणार होती.

“फोन नका लावू,” योगिनी म्हणाली. “औषध बरोबर होतं. पट्टी मी उशिरा काढली.”

“विसरलात?”

हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. बाईने वाट करून दिली होती.

“नाही. ती माझ्या खांद्यावर झोपली होती. मला तिला खाली ठेवायचं नव्हतं.”

मिसेस पार्कने डब्यातलं पाकीट उचललं, पुसलं, पर्समध्ये ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नेहमीसारखी कमरेत वाकून मान तुकवली आणि म्हणाली, “उद्यापासून मी तिला ऑफिसात नेईन.” हारिनने आईच्या कडेवरून टाटा केला आणि लगेच लिफ्टची बटणं बघायला लागली.

संध्याकाळी नंदकुमार आला. जेवायला बसल्यावर त्याला घर सुनं वाटलं असावं.

“पोरगी गेली वाटतं लवकर?”

“ती आता यायची नाही.”

“बरं झालं,” फोनवरून नजर न काढता तो म्हणाला. “तेवढाच तुला आराम.”

योगिनीने त्याला आणखी थोडं वरण वाढलं.