काचेचा हौद आणि पडद्याआडचा आवाज

लग्न होऊन मी तलवाड्याहून पाटोद्याला आले, तेव्हा हे तिथल्या निजामी तहसिलीत कारकून होते. सकाळी शेरवानी चढवून कचेरीत जायचे, दिवेलागणीला परत यायचे, जेवायचे आणि ओसरीवर उर्दू कागद चाळत बसायचे. 'वाढ', 'बास', 'दार लावून घे' एवढ्यात आमचं बोलणं संपायचं. माझ्या माहेरी माझे भाऊ बैलांशीसुद्धा दिवसभर बोलायचे. मला वाटायचं, सरकारी नोकरीतली माणसं अशीच असत असतील.

दुसऱ्या वर्षी हे महकम्याच्या इम्तिहानासाठी, म्हणजे खात्याच्या परीक्षेसाठी, हैदराबादला गेले. परत येताना जालन्यापर्यंत रेल्वे, तिथून मोटारीनं बीड, आणि पुढं मांजरसुंब्यावरून बैलगाडी. गाडी दारात थांबली तेव्हा मागं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी दिसलं. मला वाटलं, आरसा आणला. आमच्या घरात धड आरसा नव्हता आणि मी एकदा तसं बोलले होते.

गोधडी सोडली तर आत काचेची रिकामी पेटी. चारी बाजूंनी काच, कडेनं लोखंडी पट्ट्या, तळाला काळी फरशी. ह्यांच्या मांडीवर तोंडाला फडकं बांधलेली पितळी बरणी होती. जालन्यापासून ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. फडकं काढलं तर आत लाल मासे.

"हैदराबादेत एका दवाखान्यात बघितलं," हे म्हणाले. "मछलीघर म्हणतात त्याला. माणूस समोर बसला की सगळं विसरतो बघ."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझ्यासाठी बांगड्या आणल्या होत्या. त्या गाठोड्यात तळाशी होत्या आणि त्यातल्या काही फुटल्या होत्या. फुटलेल्या मीच वेचून टाकल्या.

गाडीच्या हिसक्यांनी पेटीच्या सांध्यांत भरलेली लांबी निसटली होती. पाणी भरलं की ओसरीवर ओघळ यायचा. ह्यांनी सुताराकडून जवसाच्या तेलात मळलेली नवी लांबी आणली आणि रविवारी दिवसभर बोटानं सांधे भरत बसले. मग विहिरीचं ताजं पाणी शेंदून हौद भरला, मासे सोडले, आणि उजेडात चमकावा म्हणून हौद खिडकीत नेऊन ठेवला.

मी म्हणाले, "इथं दुपारपर्यंत ऊन असतंय. पाणी तापंल."

"काचेला काय होतंय," हे म्हणाले.

त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं, फक्त ते माझ्याशी नव्हतं. कचेरीतून आले की शेरवानीची बटणं काढता काढता हे हौदापाशी जाऊन बसायचे. "काय रं, भूक लागली का?" "तू कावून कोपऱ्यात बसलास?" मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची. मला भूक लागली का, असं मला कुणी विचारत नव्हतं. हसू येईल वाचणाऱ्याला, पण मला त्या माशांचा खरोखर राग यायचा. सवत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

हे त्यांना भाकरीचा कुस्करा घालायचे, भात घालायचे, मासे वर आले की आणखी घालायचे. थोड्याच दिवसांत पाणी पेजेसारखं पांढरं झालं. मासे वर तोंड काढून धापा टाकायला लागले आणि एकामागून एक मेले. ह्यांनी ते अंगणातल्या लिंबाखाली पुरले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मागच्या पावसाळ्यात मी तापानं फणफणले होते, तेव्हा ते व्यवस्थित जेवत होते. हे मला त्या दिवशी ताट झाकून ठेवताना आठवलं.

मला वाटलं, संपलं. पण तहसिलीत तहसीलदारांच्या हाताखाली नवे पेशकार आले होते, मूळचे हैदराबादचे. ह्यांनी त्यांच्याजवळ माशांचं दुःख काढलं. पेशकारसाहेब म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, पण आमच्या घरी विचारा, बेगमच्या माहेरी हौदात मासे होते.

त्या संध्याकाळी हे पेशकारांच्या घरी गेले. बेगम पडद्यात असायच्या. ओसरीला बांबूच्या कामट्यांचा, चिकाचा पडदा सोडलेला होता, अलीकडं पेशकारसाहेब आणि हे, पलीकडं बेगम. हे उशिरा परत आले ते वेगळ्याच तोऱ्यात.

"भाभी म्हणाल्या, आपली सगळीच चूक झाली," हे मला सांगायला लागले. "विहिरीचं पाणी लगेच घालायचं नाही. रेती पाणी निवळशंख होईपर्यंत धुवायची. वेली लावायच्या. आणि मग नुसतं थांबायचं, मासे सोडायचेच न्हाईत. पानी को पकने देव, असं म्हणाल्या."

"पाणी पिकतंय व्हय?" मी विचारलं.

"पिकतंय. त्याला वेळ द्यावा लागतो. आणि हौद उन्हात ठेवायचा नाही म्हणाल्या. ऊन लागलं की पाणी तापतं." असं म्हणून त्यांनी हौद खिडकीतून उचलला आणि आतल्या भिंतीशी नेऊन ठेवला.

 मी त्या रात्री भांडी जरा जोरात घासली.

पुढं रोज तेच. भाभी म्हणाल्या, रेतीला एका बाजूला उतार द्या. भाभी म्हणाल्या, वेलीच्या मुळाशी खडा ठेवा, म्हणजे ती वर तरंगणार नाही. हे मांजरा नदीच्या ओढ्यातून रेती आणायचे आणि स्वतः घमेल्यात धुवायचे. ज्या माणसानं कधी स्वतःचा तांब्या विसळला नव्हता, तो उकिडवा बसून रेती धुतोय आणि मधूनच स्वतःशी हसतोय. ते बघून मी चुलीत उगीच लाकडं सारायची. मासे मेले होते, म्हणून त्यांच्यावरचा राग गेला होता. आता हा पडद्याआडचा आवाज आला होता. तो मी ऐकलेला नव्हता, म्हणून तर तो मला दिवसभर ऐकू यायचा.

एका दुपारी कचेरी चालू असताना मी निघाले. वाटीत लोणचं घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पेशकारांच्या दारात जाऊन उभी राहिले. ह्यांना जो पडदा अडवत होता, तो मला अडवणार नव्हता. हे मला आधी सुचलं नव्हतं याचंच नवल वाटलं.

मोलकरणीनं आत नेलं. बेगम लाकडी तख्तावर बसून कपडा बेतत होत्या. वाटेत मी देवाकडं मागत आले होते की बाई वयस्क असू दे, निदान जाड तरी असू दे. ती माझ्याच वयाची होती आणि इतकी देखणी की मी लोणच्याची वाटी द्यायची विसरले.

"तुम मच्छीवाले साब के घर से ना?" ती म्हणाली. "आव, बैठो."

तिला मराठी येत नव्हती, मला तिची बोली अर्धी कळायची. तरी बोलणं झालं. तिच्या माहेरी अंगणात दगडी हौद होता, त्यात तिचे लाल मासे. लग्न झाल्यापासून तिच्याकडं एकही मासा नव्हता. साहेबांना पाण्याचा पसारा आवडत नाही, असं तिनं सांगितलं. मग हात थांबवून विचारलं, "तुमारे साब रेती खुद धोते?"

"हौ," मी म्हणाले. तेवढा शब्द मला येत होता.

तिनं हातातला कपडा बाजूला ठेवला.

त्यानंतर मी आठवड्यातून एखाददुसरी दुपार तिच्याकडं घालवायला लागले. खरं सांगायचं तर मी हौदासाठी जात नव्हते. हे तिथं जायचे बंद व्हावेत म्हणून जात होते. आणि तसंच झालं. आता मीच घरी येऊन सांगायची, "भाभी म्हणाल्या, माशांना शेवयांचा चुरा घालायचा, चिमटीभर. उरला तर काढून घ्यायचा. रांजणातले डासाचे किडे फडक्यानं गाळून घातले तर आणखी चांगलं."

हे ऐकायचे, पण त्यांचं तोंड उतरायचं. "मला न्हाई सांगितलं हे."

"बायकांना सांगतात त्या."

पाणी पिकलं. तळाच्या दगडांवर हिरवी लव आली, वेलींना नवी पानं फुटली, कुठून तरी दोन बारक्या गोगलगायी निघाल्या. मग ह्यांनी भोयाकडून ओढ्यातले चांदीसारखे बारीक मासे आणवले, आधी थोडेसे, ते रुळल्यावर आणखी थोडे. एकही मेला नाही. माझा भाऊ तलवाड्याहून आला होता, तो बराच वेळ हौदाकडं बघत बसला.

"खायचे न्हाईत?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग पाळले कावून?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं, आणि दोघांनाही हसू आलं. लग्नानंतर आम्ही एकाच गोष्टीला एकदम हसलो ते तेव्हा.

पण त्याच आठवड्यात, पाणी बदलताना, मी तांब्यानं हौदातलं पाणी काढत होते आणि हे बादली धरून होते. मान वर न करता हे म्हणाले, "कशा हायेत गं त्या, दिसायला?"

मी तांब्या बुडवला, भरला, बादलीत ओतला. "बायकांसारख्या," मी म्हणाले.

पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

बेगमला हौद बघायचा होता. एका दुपारी ती बुरख्यात, मोलकरणीला बरोबर घेऊन आमच्याकडं आली. बुरखा वर करून हौदासमोर बसली ती उठेचना. तिनं पाण्यात बोटाचं टोक बुडवून धरलं आणि थोड्या वेळानं मासे येऊन तिच्या बोटाला तोंड लावायला लागले. माझ्या बोटाजवळ ते कधी आले नव्हते. मी चहा करायला आत गेले आणि चुलीपाशी उगीच उभी राहिले.

चहा घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, "तुम लोगां दोनो मिल के करते ना ये सब? वो पानी लाते, तुम निकालते."

"हौ."

"अच्छा है," ती म्हणाली आणि तोंड फिरवून वेलींकडं बघायला लागली. तिचा आवाज बदलला होता. तो आवाज मला ओळखीचा होता, कारण कित्येक महिने माझा आतला आवाज तसाच होता. तिला माझा हेवा वाटत होता. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. आणि बरं वाटलं तरी माशांनी तिच्या बोटाशी जायला नको होतं, असंही वाटत राहिलं.

पावसाळा सरला आणि पेशकारसाहेबांची मोमिनाबादला बदली झाली. ही खबर ह्यांनीच आणली. जेवताना म्हणाले, "मी म्हणतो, हौद त्यांना द्यावा. नाहीतरी त्यांच्यामुळंच उभा राहिला."

"द्यायचा न्हाई," मी म्हणाले.

"अगं, आपण दुसरा आणू."

"दुसरा आणा न्हाईतर आणू नका. ह्यातलं पाणी मी काढलंय, किडे मी गाळलेत. हा हौद ह्या घरातून हलणार न्हाई."

माझा आवाज इतका चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. हातातला घास तसाच धरून ते माझ्याकडं बघत राहिले. "मला वाटलं, तुझी मैत्रीण हाय ती," ते हळूच म्हणाले.

"हाय ना. म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी बेगमकडं गेले. सामान बांधायला काढलं होतं. मी विचारलं, बरणीतून थोडे मासे देऊ का? हौदाचं मी तोंडातून काढलं नाही. तिनं हसून मान हलवली. "नक्को. गाडी में मर जाते. और हमारे साब को तो तुम जानते." मग म्हणाली, "जाने से पहले एक बार देख लेती."

जायच्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा हे घरीच होते. तिची चाहूल लागताच हे बाहेरच्या पायरीवर गेले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. ती हौदापाशी गेली. ह्या वेळी पाण्यात बोट घातलं नाही, नुसती बघत राहिली. मी दोघांच्या मधे, उंबऱ्याच्या आत उभी होते.

निघताना तिनं बुरखा खाली घेतला आणि दाराशी थांबली. "भाईसाब," ती म्हणाली, "पानी बहुत अच्छा रखे आप लोगां."

हे वळले नाहीत. रस्त्याकडं बघतच म्हणाले, "आप के सिखाए से हुआ."

बस, एवढंच. ती माझ्या हाताला हात लावून पायऱ्या उतरली. ह्यांनी बाजूला सरकून वाट दिली तेव्हाही मान खालीच होती. मी मात्र त्यांच्या मानेकडंच बघत होते. ती गल्लीच्या वळणाला गेल्यावर ती मान वर होते का ते मला बघायचं होतं. झाली. गल्ली रिकामी होती.

नंतर मोमिनाबादकडून कुणी आलं की मी तिची चौकशी करायची. ती खुशाल आहे एवढंच कळायचं. ह्यांनी मला तिच्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि न विचारण्याचाही मला काही दिवस संशय यायचा. पाणी बदलताना हे मधेच थांबले की मी म्हणायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "काही न्हाई, गोगलगाय बघतोय." आणि खरोखर तिथं गोगलगाय असायची.

उन्हाळ्यात जुन्या वेली सडल्या. ओढा आटून एक डोह तेवढा उरला होता. तिथून नवी वेल आणायला आम्ही दोघं निघालो. नवराबायको असे बरोबर चाललेले बघून बाजारातली माणसं वळून बघत होती. मी घागर घेतली होती, ह्यांच्याकडं विळा होता. वाटेत माझ्या मनात आलं, आज विचारून टाकावं, की तिचा आवाज अजून आठवतो का. मी तोंड उघडलंसुद्धा. पण हे पुढं उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले होते आणि माझ्याकडं हात करून सांगत होते, "इकडनं ये. त्या दगडावर शेवाळ हाय, पाय सरकंल."

मी घागर त्यांच्याकडं दिली आणि हात धरून पाण्यात उतरले.