गुरुजींचा चहा

ताईचं लग्न ठरलं त्याच महिन्यात बाबांच्या पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी पहिली गोष्ट बंद केली ती चहा. उलटी झाली आणि ती काळपट, चहाच्या चोथ्यासारखी दिसली, तर उशीर न करता सांगा, असंही ते म्हणाले. हे त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, कारण तपासणीच्या खोलीत गेल्यावर मी इंग्रजीतच बोलायला लागले होते. घाबरले की माझं तसंच होई.

बाबांना सकाळी हातात गरम कप लागायचा. त्यात काय असावं, हे ठरवायचं काम मी आपणहून घेतलं. आल्याच्या चहाने जळजळलं. कोऱ्या चहात लिंबू पिळलं, तर ते दुपारपर्यंत पोट दाबून बसले. बडीशेपेचं पाणी त्यांना चाललं, पण "मी काय बाळंतीण आहे?" म्हणून त्यांनी कप सरकवला. शेवटी गवती चहा टिकला. शेजारच्या काकूंच्या परसात त्याचं बेट होतं. पाती कापून, पावडर न घालता, गुळाचा लहानसा खडा टाकून उकळायची. तो पिऊन ते तक्रार न करता पेपर वाचत, आणि मला तेवढं पुरे असे.

मग पत्रिका वाटायची वेळ आली. बाबा चिरनेरकडच्या एका गावात बारा वर्षं शिक्षक होते. तिथल्या घरांना पत्रिका पोस्टाने पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. आईने मला सोबत धाडलं. "कुठे चहा घेऊ देऊ नकोस. तू सांग, ते सांगणार नाहीत."

मी रुमालात पाती गुंडाळून पर्समध्ये ठेवली. एसटीत बसल्या बसल्या काय सांगायचं ते वाक्य पाठ केलं.

पहिल्या घरी मला तोंड उघडता आलं नाही. दुसऱ्या घरीही नाही. दोन्हीकडे बाबांनी "अर्धाच द्या" म्हटलं, आणि दोन्हीकडे कप काठोकाठ भरून आला. तिसरं घर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं होतं. त्याची आई चुलीकडे निघाली, तशी मी मागोमाग गेले. पाती बाहेर काढायची लाज वाटली. पाठ केलेलं वाक्यही आठवेना. म्हणून सगळ्यांत सोपं वाटलं ते बोलले.

"बाबांना कोरा चहा चालेल."

त्या थांबल्या. "कोरा? का गो पोरी? आमच्या घरान दूध नाय काय?"

"तसं नाही, म्हणजे..."

"म्हस दारात बांधलेली दिसली ना तुला? गुर्जी लगनाचा सांगायला आलेत नि आमी कोरा चा देव?" त्या ओटीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "गुर्जी, तुमची पोर आमाला गरीब समजते."

ओटीवर हशा झाला. बाबाही हसले. माझे कान तापले. कोरा चहा मला त्यातल्या त्यात पथ्याचा वाटत होता. तिथे तो दूध नसलेल्या घरचा चहा होता. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बिनपाण्याचा, निव्वळ दुधाचा चहा केला. आलं ठेचून घातलं, वर साय सोडली, आणि मानाचा म्हणून कप मलाच न्यायला लावला. मी तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

परतीची गाडी यायची होती. थांब्यामागच्या बांधाशी बाबा वाकले. मी पाठीवर हात ठेवला. त्यांना उलटी झाली. काळपट रंग मला दिसला. त्यांनी चपलेने त्यावर माती लोटली.

"चहाच आहे तो," ते म्हणाले. "लग्न होईपर्यंत घरी बोलायचं नाही."

मी "बरं" म्हटलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, किती चहा झाले. "एकही नाही," बाबा म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढत राहिले. मग मैत्रिणीकडे जाते असं सांगून बाहेर पडले आणि दवाखान्याच्या बाकावर रांगेत बसले. नंबर आला तेव्हा सगळं इंग्रजीत सांगितलं. त्या भाषेत ते दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल असल्यासारखं वाटत होतं, म्हणून बोलता आलं. डॉक्टरांनी लगेच मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली.

घरी चिठ्ठी आईच्या हातात दिली. ती वाचता वाचता खाली बसली. बाबा मला रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. पिशवीतून राहिलेल्या पत्रिका काढून त्यांनी मांडीवर ठेवल्या.

"एवढ्या घरांना आता कोण जाणार?" त्यांनी मला विचारलं.