भिंत ढकलणाऱ्या बाई

वर्गात शिरल्या की बाई आधी पदर खोचायच्या, भिंतीला दोन्ही तळवे लावायच्या आणि मुलांना विचारायच्या, "हालंल का?"

चाळीस मुलं "नाही!" म्हणून ओरडायची. मग त्या सगळ्यांनाच भिंतीला भिडवायच्या. "ढकला! अजून! दमला का? भिंत हालली का? नाय ना? मंग ध्यानात ठेवा, जोर लावला म्हंजी वस्तू हालंलच असं नाय."

तिसरीच्या मुलांना बल आणि गती शिकवायची ही त्यांची रीत. आमची शाळा सातपूरची, खासगी, लहानशी. तिसरीच्या दोन तुकड्या. एक माझी, एक त्यांची. मी कायम, त्या कंत्राटी. माहेर सायखेड्याचं, आणि ते बोलण्यातून लपत नसे. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांची नक्कल करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची.

त्यांचा तास तुम्ही पाहायला हवा होतात. नवरा वर्कशॉपमध्ये कामाला; त्याच्याकडून त्यांनी लोखंडी पाइपचे तुकडे आणले होते. व्हरांड्यात पाइप मांडायचे, वर फळी, फळीवर एक मूल. नुसती फळी चौघांना ओढवत नसे. पाइपांवर ठेवली की एकटी चिमुरडी ओढून न्यायची. एकदा त्यांनी मुख्याध्यापक सरांनाच फळीवर बसवलं. सर चांगलेच वजनदार. मुलांनी दोरी ओढली आणि सर थेट व्हरांड्याच्या टोकाला, चष्मा एका कानावर. सर हसले, म्हणून आम्हीही हसलो.

मी त्यांना एकदा म्हटलं, "पुस्तकात चित्र आहे ना, तेवढं पुरे की."

"चित्र जड लागत नाय ना मॅडम," त्या म्हणाल्या.

माझी मुलं पुस्तकातलं चित्र सोडून खिडकीतून तिकडेच बघत बसायची. मला ते सहन होत नव्हतं. एका दुपारी बाई आपल्या वर्गात वह्या तपासत होत्या, तेव्हा मी न विचारता फळी आणि पाइप घेतले आणि माझ्या मुलांना व्हरांड्यात नेलं. फळी हलायच्या आधी त्या मुलांना "हात मांडीवर!" म्हणून दटावत, हे मी शेजारून कितीदा तरी ऐकलं होतं. त्या दिवशी मी ते म्हटलं नाही. मुलं माझ्याभोवती आनंदानं ओरडत होती आणि मी त्यातच रमले. फळीवर बसलेल्या मुलीनं कड घट्ट धरली होती. फळी सरकली आणि तिचं बोट फळी आणि पाइपच्या मध्ये सापडलं.

किंकाळी ऐकून बाई धावत आल्या. पोरीला मांडीवर घेतलं, बोट स्वतःच्या पदरात गुंडाळलं. तेवढ्यात सर आले. त्यांना दिसलं ते रक्त, पाइप आणि बाई.

"मॅडम, भोवले ना शेवटी तुमचे उद्योग!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मी मान खाली घातली.

"आधी दवाखान्यात नेऊ, सर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. नख गेलं होतं, टाके पडले होते. दोन्ही तुकड्या बाई अधूनमधून एकत्र घेत, त्यामुळे कुणाला वेगळी शंका आली नाही. सरांनी मला विचारलं, "तुम्ही शेजारीच होतात ना?"

"आवाज ऐकून बाहेर आले," मी म्हणाले. वाक्य इतकं सहज आलं, की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

बाई समोरच्या खुर्चीत होत्या. आता सगळं सांगतील, असं मला वाटलं.

"सामान माझंच हाय, सर," एवढंच त्या बोलल्या.

शनिवारी त्यांना सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नका. जाताना पिशवी घेऊन त्या माझ्या वर्गाच्या दारात थांबल्या. मी फळ्यावर लिहीतच राहिले.

"मॅडम, पोरीचे टाके कवा काढणार हायेत?"

"माहीत नाही."

"इचारा. लय भित्री हाय ती. दवाखान्यात कोणी हसवलं तर रडत नाय."

मी वळले तेव्हा दारात कुणी नव्हतं. त्यानंतर त्यांचा नंबर मी मोबाइलवर कितीदा तरी काढला, आणि लावला नाही.

आठवड्यानं मुलगी शाळेत आली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली, पट्टी बांधलेला हात मागे धरून कानाशी कुजबुजली, "मॅडम, तुम्ही होतात ते मी घरी नाही सांगितलं. वर्गातले भेटायला आले, त्यांना पण शपथ घातलीये. नाहीतर तुम्हालापण काढतील."

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला शाबासकी हवी होती.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शहाणी गं माझी."