आधी कॅन्सर, मग कार्ड

१६ जानेवारी. कांद्याच्या लागणीला खाडा करून मी निमगाव सावाहून ट्रस्टच्या दवाखान्यात आले होते. रांगेत उभी होते. काउंटरवरचा माणूस खिडकीतून ओरडला, "छातीत गाठ कुणाच्या?"

रांगेत पुरुष होते. माझा चुलत दीरही होता. मी हात वर केला.

सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड पुढं सरकवलं. त्यानं ते पेनाच्या टोकानं परत ढकललं. माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते आठवलं.

"कॅन्सर निघाला की कार्ड चालतं. आहे का नाही ते बघायचं, तर रोख भरा."

"गावच्या शिबिरात मोफत सांगितलं होतं."

"शिबिरात हातानं बघतात, तेवढंच मोफत, मावशी. पुढचं नाही. कानात सोनं आहे की. मोडा."

मागं कुणीतरी हसलं.

म्हणजे गाठ लहान आहे तोवर मी सरकारची कुणी नाही. ती वाढू द्यायची. मरायला टेकायचं. मग कार्ड दाखवायचं. कार्ड उचललं आणि मी बाहेर पडले.

लागणीच्या टोळीची मुकादम मीच. संध्याकाळी पारूच्या अंगणात सगळ्या बायांना जमवलं आणि झालेलं सांगितलं. पारू खाली बघत म्हणाली, "मला बी हाय गं गाठ. दिवाळीपासनं. पैशापायी बोलले न्हाई."

तेव्हा माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात बागायतदाराचा फोन आला. ते शिबिर यानंच भरवलं होतं, फीत कापून, फोटो काढून. "रोपं उपटून ठेवलीत गं. उद्या टोळी लवकर आण." उपटलेलं रोप फार थांबत नाही. त्यालाही माहीत, मलाही.

"उद्या आमी येत न्हाई, भाऊ. सगळ्या सरकारी दवाखान्यात निघालोत."

"अगं, शिबिरात झाली ना तपासणी? माझी रोपं सुकतील!"

"सुकू द्या."

सकाळी पहिल्या एसटीनं अख्खी टोळी गेली. मोठ्या डॉक्टरांच्या दारात शिपायानं अडवलं. "एवढ्या बायका कशाला? एकेकीनं या."

"काल एकटीनं जाऊन बघितलं," मी म्हणाले. "आता सगळ्या येणार. आमच्या दोघींची तपासणी करा. करायची नसंल, तर करत न्हाई असं सहीशिक्क्यानं लिहून द्या. त्याशिवाय हलत न्हाई."

पारूचा हात धरला आणि दार ढकललं.