कठड्यावरची चिमणीची पावलं

तालुका केवढा, तर तळहाताएवढा. बघण्यासारखं तीनच: घड्याळाचा मनोरा, जुनी कचेरी आणि नदीवरचा दगडी पूल. तिन्हींच्या पाट्या लिहिणाऱ्या पेंटरबाई मात्र एकच. अक्षर असं की बघत राहावं, आणि जीभ अशी की समोरच्यानं रस्ता बदलावा.

बांधकाम खात्याच्या साहेबानं पुलाच्या नव्या पाटीचा मजकूर त्यांच्या हातात ठेवला. "हा पूल त्या काळच्या मोठ्या साहेबांनी बांधला."

बाई उसळल्याच. "त्यांनी बांधला? अहो, त्यांचा हात लागला असेल तो फीत कापायला! दगड माझ्या आईनं घडवले. तिच्यासारख्या आणखी तीसेक जणांनी."

"बायका कधी दगड घडवतात होय? पुरावा दाखवा. नाहीतर लिहा गुमान. तुम्ही नाही तर दुसरा कुणी लिहील, आणि मग खात्याचं काम विसरा."

पुरावा होता. घडवणारा प्रत्येक जण आपल्या दगडावर खूण कोरायचा. दगड वाकडा निघाला तर कुणाच्या माथी मारायचा ते कळावं म्हणून. आईची खूण चिमणीचं पाऊल. बाईंना लहानपणी तिनं बोट धरून पुलाच्या कठड्यावर ती दाखवली होती. पण कठडा दरवर्षी पांढरा करायचं काम पुढे बाईंनाच मिळालं, आणि चाळीस वर्षं त्यांनीच चुन्यावर चुना चढवला. "माझी खूण माझ्या लेकीनंच पुसली गं बाई!" आई थट्टेनं म्हणायची, आणि दोघी हसायच्या. आता आई नव्हती. बाईंना स्वतःचाच असा राग आला की कान तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पत्र्याची पट्टी घेऊन पुलावर बसल्या आणि कठडा खरवडायला लागल्या. बघे जमले. कुणीतरी चुगली केली असणार, साहेबाची जीप आलीच.

"अहो, सरकारी रंग आहे तो!"

"रंग सरकारी, हात माझा. मी चढवला, मीच उतरवते. करा काय करायचं ते!"

साहेबाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण एवढ्या लोकांसमोर तो बाईंचा हात धरणार कसा? चुन्याचे पापुद्रे पडत राहिले. आधी मासा निघाला, मग शिडी, मग घागर. दुपार कलली तेव्हा कुठे तीन बोटांचं एक इवलंसं पाऊल निघालं. बाईंनी त्यात बोट घातलं. डोळे घळाघळा वाहायला लागले, तरी दुसरा हात खरवडतच होता. पुढच्या दगडावर तेच पाऊल. त्याच्या पुढच्यावरही तेच.

त्यांनी लाल रंगाचा डबा उघडला आणि एकेक खूण भरायला घेतली.

"आणि पाटीचं काय?" साहेबानं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

बाईंनी पट्टी त्याच्या हातात दिली. "अर्धा कठडा खरवडायचा राहिलाय. तुमच्या मोठ्या साहेबांचा एक दगड शोधून दाखवा. सापडला की नाव फुकट लिहीन."

पाटी अजून कोरीच आहे.